श्वानगृहाचा आराखडा शेजारच्या खिडकीपासून काढा

गणपती जवळ आले की बंगळुरूतल्या मराठी घरांत दोन आरक्षणांची धावपळ सुरू होते. एक कोल्हापूर-पुण्याच्या गाडीचं आणि दुसरं घरातल्या कुत्र्याच्या मुक्कामाचं. बेलंदूरच्या फ्लॅटमधला लॅब्राडोर आठ-दहा दिवस जिथे राहतो, ती जागा बहुतेक वेळा शहराबाहेर असते. देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, नेलमंगला, होसकोटे नाहीतर आनेकलच्या शिवारात कोणीतरी वीस-पंचवीस गुंठ्यांना जाळी मारून श्वानगृह उभं केलेलं असतं. आपण निर्धास्त होऊन गाडीत बसतो.

त्या जाळीपलीकडे एक घर असतं. तिथली बाई पहाटे साडेचारला उठून गाईंची धार काढते, कारण दूध संस्थेत सकाळीच दूध घालायचं असतं. शेजारच्या घरात रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला टाकायचा असतो. या माणसांची रात्र नऊला सुरू होते. आपल्या कुत्र्याने मध्यरात्री परक्या जागेत धरलेला सूर त्यांच्या उशाशी पोचतो.

अशा जागांची गरज वाढतच जाणार आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातले भटके कुत्रे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यांना पुन्हा त्याच आवारात सोडायचं नाही. म्हणजे खासगी मुक्कामघरांच्या जोडीला आता मोठे निवारेही उभे राहतील, आणि जागा स्वस्त म्हणून तेही खेड्यांकडेच सरकतील.

हा लेख दोघांसाठी आहे: जे बंगळुरूच्या आसपास श्वानगृह काढायचा विचार करत आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या बांधाला लागून ते उभं राहतंय त्यांच्यासाठी. मला सांगायचंय ते एकच: आराखडा काढताना फाटकापासून सुरुवात करू नका. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीपासून करा. कागदपत्रं, भिंती, वेळापत्रक हे सगळं त्या खिडकीपासून मागे मागे येत ठरवलं, तर बरीच भांडणं जन्मालाच येत नाहीत.

जमीन घेण्याआधी

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला कर्नाटकातले शब्द आधी ओळखून घ्यावे लागतात. आपला सातबारा म्हणजे तिथली पहाणी, कागदोपत्री आरटीसी. ती ‘भूमी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. फेरफाराला म्युटेशन म्हणतात. हिश्श्यातली जमीन घेत असाल तर ‘११-ई’ मोजणी नकाशा मागा. गावठाण म्हणजे ग्रामठाण, गायरान म्हणजे गोमाळ. ग्रामसेवकाच्या जागी पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ भेटतो. आपण ज्याला ‘एन.ए. करणं’ म्हणतो, त्याला तिथे ‘कन्व्हर्जन’ किंवा ‘डी.सी. कन्व्हर्जन’ म्हणतात, कारण तो अधिकार डेप्युटी कमिशनरचा, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्याचा असतो.

२०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढली. शेतकरी नसलेल्या माणसालाही तेव्हापासून तिथे शेतजमीन घेता येते. यातून अनेकांचा समज झाला की जमीन आपली झाली, आता तिथे काहीही करता येईल. विकत घेण्याची मुभा आणि वापर बदलण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इसार देण्याआधी चार गोष्टी वकिलाकडून तपासून घ्या.

पहिली, जमीन अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली आहे का? तशी असेल तर १९७८ चा कायदा लागू होतो. त्याला तिथे सगळे ‘पीटीसीएल’ म्हणतात. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेला अशा जमिनीचा व्यवहार रद्द होऊ शकतो.

दुसरी, गोमाळ, तलाव किंवा राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी तलावात नेणारे जुने कालवे, सीमेला लागून आहेत का? त्यांच्याभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा असतो. त्याची रुंदी नियोजन प्राधिकरणाकडून लेखी घ्या, दलालाच्या तोंडून नको.

तिसरी, जागा संवेदनशील क्षेत्रात येते का? बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाभोवती २०२० साली सुमारे १६९ चौरस किलोमीटरचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आहे. अर्कावती नदीवरच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयाच्या पाणलोटातही बांधकामावर निर्बंध आहेत. शिवाय जंगलाशेजारी पाळीव कुत्र्यांची वस्ती झाली की डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या प्राण्यांपर्यंत जाण्याचा धोका असतो. तिथे श्वानगृह नकोच.

चौथी, विमानतळ किती लांब आहे? देवनहळ्ळी परिसरात हा प्रश्न आधी विचारायचा. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायला मनाई आहे. कुत्र्यांसाठी कोंबडीचे अवशेष शिजवणाऱ्या जागेने हे विसरून चालणार नाही.

कागदांचा क्रम

परवानग्यांमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या क्रमात. आधी शेड, मग वीज, मग कुत्रे आणि तक्रार आली की कागद, असा उलटा प्रवास अनेकजण करतात. सरळ क्रम असा आहे.

सुरुवात होते ती आपली जागा कुणाच्या नियोजनात येते हे शोधण्यापासून. बंगळुरूभोवती एकच प्राधिकरण नाही. शहराचं नियोजन क्षेत्र आहे, विमानतळ परिसराचं स्वतंत्र प्राधिकरण आहे, आणि होसकोटे, नेलमंगला, आनेकल यांची आपापली नियोजन प्राधिकरणं आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी १९६१ चा कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायदा आहे. प्रत्येक क्षेत्राच्या बृहत् आराखड्यात शेती विभागात कोणते वापर चालतात याची यादी असते. ती स्वतः वाचा. श्वानगृह हा शब्द तिथे सापडला नाही, तर ‘पशुपालनात बसून जाईल’ असं स्वतःच ठरवू नका. कुत्र्यांची कमाल संख्या, बांधकामाचं क्षेत्रफळ आणि कामाचं स्वरूप लिहून प्राधिकरणाला लेखी प्रश्न विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात शेतीच्या व्याख्येत दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आणि पशुधनाची पैदास येते, मग कुत्र्यांची पैदासही शेतीच की, असं म्हटलं जातं. या युक्तिवादावर लाखो रुपयांचं बांधकाम टेकवू नका. पैशाच्या मोबदल्यात लोकांचे कुत्रे आठवडाभर सांभाळणं ही पैदासही नाही, शेतीही नाही. ती सेवा आहे, आणि अधिकारी तिच्याकडे व्यवसाय म्हणूनच बघेल. शेतघराच्या नावाखाली ती चालवणंही तितकंच कच्चं. शेतघराची मोकळीक शेती करणाऱ्याच्या सोयीसाठी आहे.

त्यानंतर बिगरशेती वापराचा अर्ज. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली तो प्रतिज्ञापत्रासह डेप्युटी कमिशनरकडे जातो. परवानगी न घेता वापर बदलला तर कलम ९६ खाली दंड आणि कारवाई होऊ शकते. आदेशात वापराचा जो प्रकार लिहिलेला असेल तोच चालतो. निवासी वापराचा आदेश हातात घेऊन तीस कुत्र्यांचा व्यवसाय चालवता येत नाही.

मग ग्रामपंचायत. बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार १९९३ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. ‘ई-स्वत्तू’ या ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदींच्या प्रणालीवरचा फॉर्म ९ आणि फॉर्म ११, बिगरशेतीचा आदेश आणि नकाशा घेऊन पीडीओला भेटा. व्यवसायाचा परवाना वेगळा मागा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. तुमचा कागद गावाच्या भाषेत असला तर ग्रामसभेत तो वाचला जातो, आणि वाचला गेलेला कागद अफवांना जागा ठेवत नाही.

शेवटी प्राणीकल्याणाची नोंदणी. केंद्र सरकारने २०१७ साली श्वान पैदास आणि विक्रीचे नियम काढले. त्यात ‘ब्रीडर’ या शब्दाच्या व्याख्येतच कुत्रे मुक्कामाला ठेवणारा चालकही धरलेला आहे. त्यामुळे ‘मी पिल्लं विकत नाही, मला कशाला नोंदणी’ हे म्हणणं टिकत नाही. राज्याच्या प्राणीकल्याण मंडळाकडे अर्ज करायचा, शुल्क ५,००० रुपये, नोंदणी दोन वर्षांची. पैदास करत असाल तर आणखी बंधनं येतात. मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा वीण नको, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण केंद्र असेल तर २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू होतात. बोअरवेल, सांडपाणी आणि विष्ठेची विल्हेवाट यांबद्दल राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे त्याच वेळी लेखी विचारणा करून ठेवा.

हे सगळं हातात आलं की माणसाला वाटतं, आता कोण काय करणार? तिथेच सावध व्हायला हवं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कोव्हेंट्री विरुद्ध लॉरेन्स या खटल्यात, मोटारशर्यतीच्या मैदानाच्या आवाजाबद्दल निकाल देताना स्पष्ट सांगितलं की नियोजनाची परवानगी असणं हे उपद्रवाच्या दाव्याला उत्तर होत नाही. शेजारी नंतर राहायला आला, एवढ्यानेही तो दावा फेटाळला जात नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्या कायद्यालाही परका नाही. परवानगी जमिनीच्या वापराची असते. दुसऱ्याची झोप मोडण्याची परवानगी कुठलंच कार्यालय देत नाही.

आवाजाचा हिशेब

ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम २००० सालचे आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५. शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. नियमातली रात्र १० ते ६ आहे. गावाची रात्र मात्र नऊला सुरू होऊन साडेचारला संपते. म्हणून आपल्या आराखड्यात रात्र नऊपासूनच धरा, आणि मर्यादा निवासी क्षेत्राचीच घ्या, जमिनीवर व्यापारी शिक्का असला तरी. आवाज मोजायचा तो आपल्या फाटकाशी नव्हे, शेजाऱ्याच्या खिडकीशी.

आता अंदाज करू. समजा, मोठ्या कुत्र्याचं भुंकणं एक मीटरवर ९५ डेसिबल आहे. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने १२८ मीटरवर तो ५३ राहतो, २५६ मीटरवर ४७ आणि ५१२ मीटरवर ४१. म्हणजे एकट्या कुत्र्याला रात्रीच्या मर्यादेखाली आणायलाच पाव किलोमीटरहून जास्त मोकळं अंतर लागतं. दहा कुत्रे एकदम भुंकले तर त्यात १० डेसिबलची भर पडते. २५६ मीटरवर ४७ चे ५७ होतात. नियमाप्रमाणे मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असला की तक्रार करता येते. इथे तो १२ ने जास्त झाला.

यावर कोणी म्हणेल, नियम सरासरी मोजतात. खरं आहे. तासात सहाच मिनिटं भुंकणं झालं तर सरासरी १० डेसिबलने उतरते आणि कागदावर आपण मर्यादेजवळ येतो. पण माणसाची झोप सरासरीने मोडत नाही. पहिल्या भुंकण्यालाच ती मोडते. शहरातल्या रस्त्यावर हेच भुंकणं गाड्यांच्या घरघरीत बुडून जातं. शांत खेड्यात मध्यरात्री भोवतालचा आवाज ३०-३५ डेसिबलपर्यंत उतरलेला असतो, तिथे ते एकटं आणि लख्ख ऐकू येतं. म्हणून दोन आकडे सांभाळा: तासाची सरासरी आणि एका भुंकण्याचा सर्वोच्च आकडा.

यात हवेचा वाटाही मोठा आहे. बंगळुरूचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर थंड होते, वरची हवा तुलनेने उबदार राहते आणि आवाज वर विरून जाण्याऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. लांबच्या वस्तीला तो जवळचा वाटतो. वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात या भागात वारा पश्चिमेकडून येतो, पुढे हिवाळ्याकडे वळताना तो पूर्वेकडून येऊ लागतो. श्वानगृह भरतं गणपतीत आणि दिवाळीत. म्हणजे एका गर्दीत आवाज पूर्वेच्या घरांकडे वाहतो आणि दुसऱ्या गर्दीत पश्चिमेच्या. एका बाजूला घर नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. दिवाळीला तर फटाक्यांनी बिथरलेले कुत्रे, भरलेल्या खोल्या आणि थंड रात्र हे तिन्ही एकत्र येतं. आराखडा त्या रात्रीसाठी करा. मंगळवारच्या दुपारी सगळंच शांत असतं.

भिंत, छप्पर, दार

पाव किलोमीटर अंतर कमी पडतं, हे आपण पाहिलं. उरलेलं काम बांधकामाने करायचं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे.

रात्री कुत्रे उघड्या जाळीत नकोत, बंद खोलीत हवेत. बंगळुरूत एप्रिलमध्येही रात्रीचं तापमान साधारण २२ अंशांच्या आसपास उतरतं. त्यामुळे योग्य वायुवीजन ठेवून बंद खोली सुसह्य करता येते. सहा इंची भरीव सिमेंट ब्लॉकची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत ४० डेसिबलच्या वर आवाज अडवते. पण भिंतीची ताकद तिच्या फटींवरून ठरते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीत एक चौरस फुटाची उघडी खिडकी ठेवली, म्हणजे एक टक्का जागा मोकळी राहिली, तर त्या भिंतीचा उपयोग २० डेसिबलवर येतो. ब्लॉकवर केलेला खर्च त्या एका झरोक्यातून निघून जातो.

मग हवा कशी येणार? जाड पन्हाळीसारखा, दोन वेळा वळण घेणारा हवेचा मार्ग भिंतीत ठेवा आणि आतून त्याला आवाज शोषणारं अस्तर लावा. हवा वळणातून सहज जाते, आवाज प्रत्येक वळणावर शोषला जातो. पंखा घरांच्या विरुद्ध बाजूला बसवा. दारं भरीव लाकडाची किंवा दुहेरी पत्र्याची, कडेला रबरी पट्टी असलेली घ्या. आत शिरताना दोन दारांमध्ये छोटा कक्ष ठेवा, म्हणजे एक दार उघडलं तरी दुसरं मिटलेलं राहतं.

छपरासाठी साधा पत्रा हा सर्वांत मोठा धोका. तो आवाज अडवत नाही, आणि वळवाच्या पावसात ढोलासारखा वाजून कुत्र्यांना भुंकायला लावतो. स्लॅब परवडत असेल तर स्लॅबच घाला. नसेल तर मध्ये उष्णतारोधक भरण असलेलं पॅनेल आणि त्याखाली छत.

आत फरशी आणि टाइल्स लागतात, कारण रोज धुवायचं असतं. पण कठीण पृष्ठभागांवर आवाज घुमतो, आणि घुमणारा आवाज कुत्र्यांना आणखी भुंकवतो. बंद श्वानगृहांत १०० डेसिबलच्या वरचे आकडे नोंदले गेले आहेत. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काम करणं माणसाच्या कानाला घातक मानतात. कुत्र्यांचे कान तर आपल्याहून तीक्ष्ण. सात फुटांच्या वर भिंतीला आणि छताला रॉकवूलच्या पाट्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, छिद्रं असलेल्या पत्र्यामागे लावा. पाणी त्यांना भिडत नाही आणि खोलीतला घुमार उतरतो.

खोल्यांमधले पडदे जाळीचे न ठेवता भरीव बांधा, म्हणजे समोरासमोर बघून भुंकायची साखळी तुटते. खेळायचं अंगण इमारतीच्या आडोशाला ठेवा, जेणेकरून इमारतच घराच्या आणि अंगणाच्या मध्ये उभी राहील. कुंपणाची भिंत कुत्र्यांच्या जवळ आणि नजर पूर्ण तुटेल इतकी उंच हवी. अशी सलग भिंत ५ ते १० डेसिबल उतरवते. सिल्व्हर ओकची एक रांग आवाज अडवत नाही, पण दाट कुंपणामुळे कुत्र्याला रस्त्यावरची सायकल आणि बकऱ्या दिसत नाहीत. मग तो भुंकतच नाही. झाडांचा हा खरा फायदा आहे.

दिवसाची शिस्त

चांगल्या भिंतीही बेशिस्त दिनक्रमापुढे हरतात. कुत्रा भुंकतो त्याला कारण असतं: भूक, भीती, कंटाळा, एकटेपण, परका माणूस. कारण काढलं की आवाज कमी होतो.

सकाळी सातच्या आत कुत्र्यांना अंगणात सोडू नका आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळ्यांना आत घ्या. सोडणं-नेणं आठ ते सहा या वेळेतच ठेवा. विमानतळावरून रात्री अकराला कुत्रा न्यायला येणाऱ्या ग्राहकाला ठाम नाही म्हणायला शिका. एका गाडीच्या दिव्यांनी सगळं आवार जागं होतं. खाणं सगळ्यांना काही मिनिटांत वाढून व्हायला हवं. रेंगाळलेली वाढणी म्हणजे अर्धा तास कोलाहल. दिवसभर पुरेसं फिरणं, हुंगायला आणि चावायला काम, लहान लहान गट हे सगळं झालं की रात्री कुत्रा झोपतो.

लांबच्या मुक्कामाआधी एका रात्रीची चाचणी सक्तीची करा. मालकापासून दूर राहता न येणारा कुत्रा त्या रात्रीच कळतो. त्याला दहा दिवस ठेवून घेणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि गावावरही. रात्री एक माणूस आवारातच झोपला पाहिजे, आणि पाच मिनिटांहून जास्त चाललेल्या भुंकण्याला त्याने उठून उत्तर दिलं पाहिजे. दिवाळीत क्षमतेपेक्षा कमी कुत्रे घ्या, घाबरट कुत्र्यांबद्दल पशुवैद्याचा सल्ला आधीच घ्या.

काही गोष्टी कधीच करू नका. भुंकलं की विजेचा झटका देणारे पट्टे, तोंड तासनतास बांधून ठेवणं, आवाज जावा म्हणून स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया, ही क्रूरता आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्यासाठीच आहे.

अर्जासोबत आवाजाचं टिपण

इंग्लंडमध्ये श्वानगृहाला परवानगी देताना कुत्र्यांची संख्या, अंगणात सोडण्याच्या वेळा आणि आवाजाचं व्यवस्थापन या अटी घालण्याची पद्धत आहे. शिवाय २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक परिषद प्राणीकल्याणाचा वेगळा परवाना देते. आपल्याकडे अर्जासोबत असं टिपण कोणी मागत नाही. तरी ते जोडा. न मागता दिलेलं हे टिपणच पुढे तुमच्या बाजूने उभं राहतं.

त्यात एवढं असावं: ५०० मीटरच्या आतली प्रत्येक वस्ती, शाळा आणि देऊळ दाखवणारा नकाशा, अंतरांसह. कुत्र्यांची कमाल संख्या. अंगणाच्या वेळा. भिंत, छप्पर, दारांचा तपशील. बांधकामापूर्वी रात्री मोजलेला गावाचा मूळ आवाज, शक्यतो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. सुरू झाल्यावर वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत, पुन्हा मोजण्याची हमी. आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर.

हे टिपण घेऊन जवळच्या प्रत्येक घरी जा, बांधकाम सुरू व्हायच्या आधी. त्यांना विचारा, तुम्ही कधी झोपता, कधी उठता, घरात कोणी आजारी आहे का, लहान बाळ आहे का. त्यांच्या उत्तरांनी आराखडा बदलला तर बदलू द्या. कागदावर खोली सरकवायला खोडरबर पुरतं, नंतर भिंत पाडावी लागते.

तुम्ही शेजारी असाल तर

आधी बोला. बोलूनही फरक पडला नाही तर वही घाला: तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, वारा कुठला होता, घरात कोणाला त्रास झाला. मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप पुराव्याला पुरेसं नसतं, पण अंदाज देतं. दोन-तीन आठवड्यांची अशी वही पन्नास संतप्त संदेशांपेक्षा जास्त काम करते.

मग ग्रामपंचायतीला लेखी विचारा की कोणता वापर आणि किती कुत्रे मंजूर आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांखालची तक्रार पोलिसांकडे किंवा जिल्हा प्रशासनाकडे करता येते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. एका घरापुरताच त्रास असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला आहे.

मात्र मागणी नेमकी ठेवा. ‘बंद करा’ म्हणण्याआधी ‘रात्री नऊनंतर आत घ्या, पूर्वेचा झरोका बुजवा, संख्या वीसवर आणा’ असं मागा. पाळता येण्यासारखी मागणी लवकर मान्य होते. आणि रागाच्या भरात कुत्र्यांना इजा होईल असं काही करू नका. ते तिथे आपल्या मर्जीने आलेले नाहीत.

शेवटची तपासणी

सगळे कागद आले, भिंती उभ्या राहिल्या, तरी पाटी लावायच्या आधी एक काम बाकी असतं. दहा-बारा कुत्रे आत ठेवा, दारं मिटा, आणि रात्री अकराला शेजाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या ओसरीवर अर्धा तास बसा. सोबत आवाज मोजायचं यंत्र असू द्या, पण कानही असू द्या. भुंकणं ऐकू आलं तर ते कुठून निसटतंय ते शोधा: दाराची कड, छपराचा सांधा, पंख्याचं तोंड. दुसऱ्या दिवशी बुजवा आणि रात्री पुन्हा येऊन बसा.

ज्या रात्री त्या ओसरीवर रातकिडे आणि गोठ्यातल्या गाईचं रवंथ तेवढं ऐकू येईल, त्या दिवशी गणपतीची आरक्षणं घ्यायला सुरुवात करा.